पोटाकडचं कातडं

ॲटली श्लाबाख उपदेशक झाला तो चिठ्ठीने. अमेरिकेत ओहायोतल्या आमिश मंडळीत, म्हणजे मोटारी न वापरणाऱ्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथात, ही जागा मागून मिळत नाही आणि नको म्हणून टळतही नाही. नावं सुचवलेले सात पुरुष एका बाकावर बसले, समोर सात गीतपुस्तकं मांडली, आणि चिठ्ठी निघाली ती ॲटलीने उचललेल्या पुस्तकात. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, घोड्यांचे साज शिवायचा, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची. चिठ्ठी बघून तो ढसाढसा रडला. बायकांच्या बाजूला बसलेली त्याची बायको लोवायना त्याच्याहून जास्त रडली, कारण साधा निरोपसुद्धा हा माणूस धड सांगत नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पहिली दोन वर्षं त्याने मंडळीला छळलं. मग त्याला एक वाट सापडली. दुकानात काम करताना गिऱ्हाइकाला सांगतो तशा गोष्टी तो उपदेशात सांगू लागला. खांद्याला जखम झालेला घोडा, उलटं लावलेलं बक्कल, दोन जोडीदार घोड्यांतला एक आळशी. गोष्ट संपली की खाली बसायचा. लोक टक्क जागे राहून ऐकू लागले.

बिशप टोबायसला हे अर्धवट वाटे. "अरे, गोष्ट सांगतोस ते ठीक आहे, पण अर्थ कोण सांगणार? तुझा घोडा?"

"अर्थ सांगितला की माणूस मान डोलावतो आणि जेवायला जातो," ॲटली म्हणायचा. "नाही सांगितला तर तो घरी घेऊन जातो. प्रभूने तरी पेरणाऱ्याची गोष्ट गर्दीला नुसतीच सांगितली ना? अर्थ सांगितला तो मागाहून, शिष्यांना."

"तू स्वतःला प्रभूच्या रांगेत बसवू नकोस," असं म्हणून टोबायस विषय मिटवायचा.

ॲटलीचं म्हणणं खोटं नव्हतं. दृष्टान्त माणसाला आडून गाठतो. दुसऱ्याची गोष्ट म्हणून तो बेसावध ऐकत बसतो, न्यायही करून टाकतो, आणि मग कळतं की न्याय आपलाच झाला. पण आडोसा ऐकणाऱ्याला मिळतो तसा सांगणाऱ्यालाही मिळतो. ही बाजू ॲटलीच्या लक्षात यायला एकसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

वसंतातल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी दोन आठवडे मंडळी जमते ती मनं साफ करायला. प्रत्येक सभासदाला विचारलं जातं, तू देवाशी आणि माणसांशी शांतीत आहेस का? एकानेही नाही म्हटलं तर प्रभुभोजन पुढे ढकलतात. त्या वर्षी ही सभा एनॉस गिंगरिचच्या घरी होती.

रविवारी सकाळी ॲटली एनॉसच्या गोठ्यात आपला घोडा बांधत होता. पलीकडे एनॉस घोड्याला चारा घालत होता आणि त्याची थोरली मुलगी ड्रूसिला दुधाची बादली घेऊन उभी होती. वीस वर्षांची, डाव्या पायाने लंगडणारी.

"बाबा, काल पट्ट्यांना तेल लावलंत ना? की आणखी कोणाचा पाय मोडायचाय?"

"लावलं गं बाई. दर शनिवारी लावतो."

दोघंही हसली. ॲटलीला मात्र हसू आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी ड्रूसिला नऊ वर्षांची असताना एनॉसची बग्गी उतारावर उलटली होती. उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागून जो पट्टा असतो तो तुटला, घोडा उधळला आणि पोरीचा गुडघा गेला. पट्टा ॲटलीने शिवलेला. एनॉस तुटके तुकडे घेऊन दुकानात आला तेव्हा ॲटलीने ते हातात धरताक्षणी ओळखले. असा पट्टा जनावराच्या पाठीकडच्या कातड्यातून कापायचा असतो; पोटाकडचं सैल, ते ताण सोसत नाही. त्या शनिवारी बिशप आजारी होता, दुसऱ्या दिवशीचा मोठा उपदेश ॲटलीवर आला होता, डोक्यात तेवढंच होतं, आणि हाताला लागला तो पोटाकडचा तुकडा त्याने कापला होता. दुकानात चार माणसं होती. ॲटली म्हणाला, "सुकलंय हे. तेल लावत नव्हतास वाटतं." एनॉसने मान खाली घातली. त्यानंतर वसंतात आणि शरदात, वर्षातून दोनदा, बावीस वेळा, ॲटलीने मंडळीपुढे सांगितलं की तो शांतीत आहे.

त्या रविवारी उपदेशाला उभा राहिल्यावर त्याने ठरवलेली गोष्ट सोडली.

"एक साज शिवणारा होता," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. शनिवार, घाई, पोटाकडचं कातडं, उतार, तेलाचं खोटं. फक्त नावं सांगितली नाहीत आणि 'मी' म्हटलं नाही. कोणीतरी उठून 'तो तूच' म्हणेल, मग आपण गुडघे टेकू, असं त्याला वाटत होतं. तो खाली बसला. कोणी उठलं नाही. सत्तावीस वर्षं ज्याने फक्त दृष्टान्त सांगितले, त्याचा कबुलीजबाबही लोकांनी दृष्टान्त म्हणूनच ऐकला.

आणि दृष्टान्त लागू पडला. एका झऱ्याच्या पाण्यावरून तीन वर्षं न बोललेले दोघे सख्खे भाऊ डोळे पुसत एकमेकांकडे गेले. एका म्हातारीने सुनेचा हात धरला. मग एकेकाला विचारत फेरी झाली, सगळे शांतीत होते. ॲटलीची पाळी आली तेव्हा तोही पुटपुटला, "शांतीत आहे." तेविसावी वेळ. सुटल्याचं समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची लगेच किळस आली.

जेवणाच्या वेळी टोबायसने त्याची पाठ थोपटली. "आज अर्थ सांगायची गरजच पडली नाही बघ!"

ॲटलीने पाव तसाच बशीत ठेवला. तो उठून मागच्या ओसरीत गेला. एनॉस कॉफीचे दोन पेले घेऊन मागोमाग आला.

"काय रे, जेवला नाहीस? गोष्ट मात्र लाखमोलाची सांगितलीस. त्या दोघा भावांना बरोब्बर लागली."

"ती त्यांची नव्हती."

"मग कोणाची?"

ॲटलीच्या तोंडात सवयीने पुढची गोष्ट तयार होती. ती त्याने गिळली. "माझी. तो पट्टा पोटाकडचा होता, एनॉस. मी कापला. मला त्याच दिवशी कळलं होतं."

एनॉसने हातातले पेले कठड्यावर ठेवले. मारेल, असं ॲटलीला वाटलं. आमिश माणूस मारत नाही हे माहीत असूनही वाटलं.

"चल," एनॉस म्हणाला. "तिला सांग. आणि तिला गोष्टबिष्ट सांगू नकोस."

ड्रूसिला स्वयंपाकघरात बश्या धूत होती. आजूबाजूला सहा-सात बायका होत्या, त्यांत लोवायनाही. ॲटलीने टोपी काढली आणि सगळ्यांसमोर बोलला. चार वाक्यं लागली. एकाही वाक्यात घोडा नव्हता. "प्रभुभोजनाच्या आधी मंडळीपुढे गुडघे टेकून हेच सांगणार आहे," तो शेवटी म्हणाला. "पण आधी तुला."

ड्रूसिलाने हात पुसले. ॲटलीकडे तिने बघितलंच नाही. ती वडिलांकडे वळली.

"म्हणजे बाबा, तेव्हा तुम्ही तेल लावलं होतं?"

"लावलं होतं बहुतेक."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? मी रोज तुम्हाला..."

"अगं, उपदेशक म्हणाला नव्हतं लावलं," एनॉस म्हणाला. "मला वाटलं, मग नसेलच लावलं मी."