पायाला लागलेली तलवार

मुलीनं कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडून नटांना खोट्या मारामाऱ्या शिकवायला घेतल्या, तेव्हा मी तीन दिवस घरात तोंड फुगवून बसलो होतो. मी नागपूरचा, राग लपवता येत नाही. आणि इथं अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीच्या मराठी मंडळानं ऐतिहासिक नाटकातली लढाई बसवायला नेमकं तिलाच बोलावलं. मी सरदार, समोर शत्रू म्हणून आमचे डेंटिस्ट. चोपन्नाव्या वर्षी हातात तलवार मिळाली, काय सांगू, मी हवेतच होतो.

दर शनिवारी शाळेच्या जिममध्ये तालीम. तलवारी अॅल्युमिनियमच्या, बोथट. वार करण्याआधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, त्यानं मान हलवली तरच हात उचलायचा. मारणारा खरं मारत नाहीच, विव्हळायचं काम मार खाणाऱ्याचं. डेंटिस्ट म्हणाले, आमच्या क्लिनिकमध्येही असंच चालतं.

माझं काम सोपं होतं. त्यांची तलवार खाली पडते, मी ती पायानं लोटतो, ते ढाल फिरवतात, मी मागे सरकतो. पण तलवारीला पाय लागला की माझा हात आपोआप नमस्काराला खाली जायचा. वहीला पाय लागला तरी नमस्कार करणारी आपण माणसं, आणि ही तर दसऱ्याला पुजायची वस्तू! मी वाकलो, वर बघितलं तर ढाल नाकाशी. डेंटिस्टांनी कशीबशी आवरली. असं तीनदा झालं.

मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं, पुढच्या शनिवारी हात खाली गेला तर तुझी लढाई कॅन्सल. माझं टाळकंच सरकलं. सोडलेल्या नोकरीपासून सगळं काढलं. लिहितानाही लाज वाटते. ती ओरडली नाही.

"बाबा, तुला लागलं ना, तर आय कान्ट डू धिस जॉब एनीमोर."

मी आपला माझ्या रोलसाठी भांडत होतो. तिचं अख्खं काम माझ्या त्या वाकण्यावर टांगलेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

आठवडाभर गॅरेजमध्ये झाडूला लाथ मारायची प्रॅक्टिस केली. बायको म्हणाली, झाडूही लक्ष्मीच असते. मग छत्री घेतली.

शनिवारी पहिल्याच फटक्यात वाकलो! मुलीनं कपाळाला हात लावला. बघ, मी दाखवते म्हणून ती माझ्या जागी उभी राहिली, आणि डेंटिस्टांची तलवार-ढाल माझ्याकडे आली. मी तिच्या डोळ्यांत बघितलं, तिनं मान हलवली. मी तलवार टाकली, तिनं पायानं लोटली, मी ढाल फिरवली. तेवढ्यात तिची नजर खाली गेली. माझा हात जागच्या जागी थांबला. बालवाडीपासून मला इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी माझी मुलगी खाली वाकली होती, आणि तलवारीला लावलेली बोटं छातीला लावत होती.

उठली तेव्हा लालबुंद झाली होती.

"तू थांबलास," ती म्हणाली.

"तुझ्याकडेच बघत होतो."

तिनं लगेच लढाईच बदलली. तलवार आता लोटायची नाही, हातानं उचलायची.

गाडीत मी तिला म्हणालो, नोकरीवरून बोललो ते माझं चुकलं, तुझं काम भारी आहे. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी पंधरा मिनिटं आधी ये, तुझे पाय अजून फार जड पडतात.