साडूंची कडी आणि हौसाबाईंच्या कोंबड्या

जन्मभर कोंबडीवर पोट भरून कोंबडीलाच इतका भिणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा सापडणार नाही. हे माझे थोरले साडू. कोंबड्यांच्या लशी बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं विषाणू वाढवले आणि निवृत्त झाल्यावर कासार आंबोलीला बंगला बांधला. नोकरीत त्यांनी अंडी पाहिली, बाटलीतल्या पेशी पाहिल्या. चालती कोंबडी दिसली की मात्र ते अजून पाय खुर्चीवर घेतात. समोर ऑम्लेट आलं की हळहळतात, "केवढा विषाणू वाढला असता ह्यात!" आणि मग दोन मागवतात.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान रिसेप्टरवर उभं आहे. "पेशीच्या अंगावर विषाणूला धरायला कडी असते. कडी जुळली की तो आत शिरतो, वाढतो. नाही जुळली की बसला बाहेर! पेशीला कड्या जास्त, तर विषाणू जास्त आणि लसही जास्त." हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा पोहे खाता खाता साडू मोठ्यांदा म्हणाले, "कडी काही जुळत नाही इथे." पाहुणे गेले ते गेलेच.

गेल्या उन्हाळ्यात कोळवणकडे कोंबड्यांमध्ये मानमोडीची साथ आली. शेजारच्या हौसाबाईंनी लेकीच्या बाळंतपणासाठी वीसेक गावठी कोंबड्या जपल्या होत्या. त्या धावत साडूंकडे आल्या. साडूंना कोण आनंद! पुण्याहून बर्फात घालून लस आणली. ती पाण्यातून पाजायची होती.

"सायेब, हिरीचं पानी आनू का?"

"विहिरीचं? छे! नळाचं आणा, स्वच्छ."

मग अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं राहून त्यांनी तासभर कडीचं व्याख्यान झोडलं. त्याच सकाळी पंचायतीनं नळाच्या टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली होती. लशीतला विषाणू जिवंत असतो, आणि त्या पावडरीनं तो बादलीतच मेला. तीस वर्षं त्याला पेशीत शिरवण्यात घालवलेल्या विद्वानाला एवढं सुचू नये!

पंधरवड्यात एक सोडून सगळ्या कोंबड्या माना टाकून मेल्या. गावात टीसीएलची गोष्ट निघाली तेव्हा साडूंच्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. लशीवर खापर फोडता आलं असतं, पण ते मला घेऊन तसेच हौसाबाईंकडे गेले.

"चूक माझी आहे. पाणी मी सांगितलं."

"लेकीला आता काय घालू मी?" हौसाबाई कडाडल्या. मग त्यांनीच एकटी वाचलेली तांबडी कोंबडी उचलली आणि साडूंच्या हातांत कोंबली. "धरा. जित्ती कशी असती ती बगा तरी."

मला वाटलं, टाकतील. त्यांनी ती छातीशी धरली. "हिचं काळीज केवढं धडधडतंय," ते कसेबसे म्हणाले. मी जन्मभर त्यांची टिंगल केली, पण त्या वेळी मीच पुढे होऊन कोंबडीचे लोंबते पाय त्यांच्या हाताखाली नीट सरकवून दिले. "आता खाली सोडा की तिला," हौसाबाई जरा मवाळ होऊन म्हणाल्या, तरी त्यांना ती सोडवेना.