ओ येईपर्यंत

ओल्या विटांचा वास आला की मी आसगावातल्या आमच्या विहिरीवर पोचते. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकणारी मी सुट्टीत घरी आले होते. विहिरीच्या भिंतीला चिकटलेलं, पानासारखं चपटं शेवाळ मी बाबांना दाखवलं. "हे आता लय कमी उरलं, बाबा. याच्यात नर-मादी वेगळे रायतात, पण आपल्या विहिरीत सारे नरच हायेत." मग मोबाइलवर दूरच्या एका बेटावरच्या, आता नामशेष झालेल्या पाखराचं गाणं लावलं. त्या जातीतला शेवटचा नर मादीला बोलावत होता. गाता गाता थांबायचा, पुन्हा गायचा. "ओ यायची वाट पाहून राहिला तो," बाबा म्हणाले. मग शेवाळावरून हलकेच बोट फिरवत म्हणाले, "पाखराचं बरं होतं. त्याले हाक तं मारता येत होती." ते उठून धानाच्या बांध्यांकडे तोंड करून उभे राहिले. आई तिथं निंदत असली की जेवायला बोलवायचे, तशीच त्यांनी ती गेल्यापासून पहिल्यांदा हाक मारली, "अवोऽऽ!" आणि पाखरासारखेच थांबले. आता त्यांना फोन लावला की मी नुसतं "बाबा" म्हणते आणि पलीकडून ओ येईपर्यंत पुढचं काही बोलत नाही.