हातातून काही पडतं का?

आमच्याकडे लिंगपूजा डाव्या तळहातावर होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, तळव्यावर ठेवायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि नजर त्याच्यावर ठेवून बसायचं. माहेरी होते तेव्हापासून मी हे रोज करत आलेय. माझ्या डाव्या हातानं पहिला दगा दिला तोही भर पूजेत. बोटं एकदम सैल पडली आणि लिंग घरंगळून फरशीवर गेलं.

मी ते उचलून डोळ्यांना लावलं. समोर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुझं?" पंधरा दिवसांनी पुन्हा पडलं, तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं. लिंग पडणं म्हणजे घराला दोष. ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असं मायलेकांचं ठरलं. स्वामींना बोलावून गुपचूप शुद्धी करून घेतली. माझ्या हाताकडे कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

मग डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटायला लागली. चार पावलं पुढं गेल्यावर मला कळायचं. तळपायाला मुंग्या यायच्या, मध्येच एकाचे दोन दिसायचे. आमच्या पूर्णा गावात जो तो डॉक्टर! कुणी म्हणे गॅस, कुणी म्हणे रक्त कमी आहे, कुणी म्हणे मोबाइल बघणं बंद कर. इंजेक्शनं घेऊन घेऊन दंड सुजले. नवरा म्हणायचा, "लय विचार करू नको." म्हणजे चुकत होतं ते माझ्या विचार करण्यातच!

शेवटी नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. प्रश्न मला विचारले जात होते आणि उत्तरं नवरा देत होता. त्याची मला सवय आहे. मग डॉक्टरांनी विचारलं, "हातातून काही पडतं का?"

"न्हाई न्हाई, काईच पडत न्हाई," नवरा म्हणाला. "थोडी अशक्ती हाय."

डॉक्टर ते लिहायला लागले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला काय झालंय ते शोधायला नांदेडपर्यंत आलो, आणि हा माणूस डॉक्टरांपुढेसुद्धा घराची अब्रू झाकत बसला होता.

"पडतं," मी म्हणाले. "आठ महिने झाले. कप पडतो, लाटणं पडतं. पूजेतलं लिंग दोनदा पडलं. ह्यांना सगळं माहीत हाय."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. "आठ महिने? आणि आज सांगताय?" असं मलाच विचारलं! त्याच दिवशी एमआरआय झाला. त्यात पांढरे ठिपके दिसले. ते कशाचे हे एवढ्यावरून सांगता येणार नाही, पाठीतलं पाणी तपासू, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात जाऊन तेही काढून आलो. रिपोर्टला अजून दहा दिवस होते.

त्या दिवशी परतताना नांदेडच्या फलाटावर बसलो होतो. पाठ ठणकत होती. नवरा हळूच म्हणाला, "घरी पाण्याचं सांगू नको. नुसतं रक्त घेतलं म्हणू."

"का? आता कुणाला दोष लागणार हाय?" मी इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारची माणसं बघायला लागली. बघू दे.

तो रुळांकडे बघत राहिला. "दोषाचं न्हाई गं," म्हणाला. "बोललं की खरं वाटायलंय ते. मला लय भ्या वाटायलंय. पयल्या दिवसापासून."

मला त्याची कीव यायला हवी होती, पण आला तो संतापच. आठ महिने मी ह्याच भीतीनं घरभर एकटी वावरले होते. आपल्याला उगाच वाटतंय, आपणच भित्रे, अशी स्वतःची समजूत घालत होते. आणि ह्याला सगळं दिसत होतं.

"मग तवाच मला का न्हाई सांगितलंत?" मी विचारलं.

गाडी आली तेव्हा सगळ्यांसमोर वाकून त्यानं माझ्या डाव्या पायातून निसटलेली चप्पल मला परत घातली.