माहेरची चक्कर

गाडीची बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला म्हणून समोरच्या काकांनी विठ्ठलवाडीच्या भंगारातून जुना आणला आणि जेवणाच्या टेबलावर खोलला. सोल्डरिंगचा धूर असा, की मानपाड्याच्या केमिकल कंपन्यांनीही नाकाला रुमाल लावला असेल. बेअरिंग कानाशी फिरवत काका नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे "हं, हं" करायचे.

"काका, गॅरेजला टाका ना," मी म्हटलं.

"दोन दिवस ठेवून घेतात रे. संध्याकाळी हिला कशात बसवू?"

काकूंना हल्ली काही आठवत नाही. दिवे लागले, की पिशवी भरून "मला माहेरी सोडा" म्हणत रडतात. मग काका त्यांना गाडीत घालून बिल्डिंगला एक चक्कर मारतात आणि आमच्याच गेटपाशी थांबून म्हणतात, "आलं हं तुझं माहेर."

त्या संध्याकाळी गाडी सुरू झाली, चक्करही झाली. काकू हसत जिना चढल्या आणि दारात वळून काकांना म्हणाल्या, "आता तुम्ही निघा. चार दिवसांनी न्यायला या."

दार लागलं. काका पायरीवर बसले.

"किल्ली नाही का?" मी विचारलं.

"आहे रे. पण आत्ताच कुठे पोचलीये ती."