कोपरा कापलेलं कार्ड

मुखेडकडच्या गावांची एसटी बंद केली, तेव्हा आमच्या संघटनेनं पोस्टकार्डांची मोहीम काढली. गावोगाव बसून बायांकडून कार्डं लिहून घेतली आणि एसटीच्या साहेबांच्या टेबलावर धाडली. साहेबांनी ती वाचली नसणार. वाचणारा माणूस असता तर एसटी बंदच झाली नसती. मोहीम आटपली, पण मला कार्डांचा नाद लागला तो लागलाच.

नांदेडला माझ्या मैत्रिणीच्या अब्बांचं बाइंडिंगचं दुकान आहे. त्यांनी उरलेला पुठ्ठा मशीनवर कार्डाच्या मापात कापून दिला. कोपरे असे, की बोटाला टोचावेत. मी बटाट्यावर एसटीचा ठसा कोरला आणि लाल शाईत बुडवून छापला. बटाट्यात माणसं कोरता येईनात, म्हणून खिडक्या रिकाम्याच राहिल्या. वाळायला मांडलेल्या त्या सात रिकाम्या गाड्या मला बघवेनात. पण हातानं केलेलं होतं, टाकवेना. नांदेडला एक, नायगावला एक, इस्लापूरच्या एका जुन्या सरांना एक, अशी सगळ्यांची नावं घातली. सातवं आत्याला, मुखेडजवळच्या खेड्यात.

आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण. एका लग्नात आहेराच्या लुगड्यावरून दोघांचं वाजलं आणि ती मांडवात सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या मयतालाबी येणार न्हाई." तेव्हापासून बोलणं नाही, फोन नाही. मला हे असलं पटत नाही. लुगड्यावरून माणूस तोडायचा म्हणजे काय? म्हणून मी मुद्दाम लिहिलं: "एसटी सुरू होईल. मी भेटायला येते." तिला वाचता येत नाही, पण पोस्टमन वाचून दाखवतो.

त्या महिन्यात बाबा लातूरच्या आमच्या घरात असून नसल्यासारखे होते. अर्धी भाकरी खायचे आणि ताट सारायचे. रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाखरांना दाणे टाकायची सवय, तीही एकाएकी सुटली. जिन्याकडे पाठ करून बसत. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, काही नाही. काही नाही, तर माणूस वाळत का चालला होता? मी चिडचिड करायचे आणि ते ऐकून घ्यायचे. मी कार्डांना तिकिटं चिकटवली तेव्हा मात्र ते आपणहून उठले. "दे, मी टाकतो पेटीत." मला एवढा आनंद झाला की काही विचारलंच नाही.

आठवड्यानं पत्रकं घेऊन मुखेडच्या बाजाराला गेले. दुपारी तिथून जीपनं आत्याच्या गावाला उतरले. ऊन होतं. पारावर चार माणसं बसली होती, मला बघून बोलायची थांबली. त्यातला एक म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "कवा गेला गं बाप?"

सकाळी मी बाबांच्या हातचा चहा पिऊन निघाले होते. मी म्हणाले, "घरी आहेत." म्हाताऱ्यानं मान खाली घातली, जसं काही मीच समजून घेत नव्हते. मी फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पाराकडून आत्याच्या घरापर्यंतची वाट दोन मिनिटांची आहे. दर घराच्या दारातून कुणीतरी बघत होतं आणि कुणीच "ये" म्हणत नव्हतं.

आत्या ओट्यावर बसली होती. केस मोकळे, ओले. पदर ओला. कुंपणाच्या बाभळीच्या काट्यांत पुठ्ठ्याचे तुकडे अडकले होते. एकावर लाल चाक, एकावर रिकामी खिडकी.

"तिथंच थांब," ती म्हणाली. "कवा गेला त्यो?"

"बाबा जिवंत आहेत आत्या! कुणी सांगितलं तुला?"

"कार्डानं सांगितलं. लातूरचं हाय म्हनून पोस्टमननं दिलं, कोपरा कापलेला व्हता."

"पोस्टमननं वाचलं नाही?"

"कोपरा कापलेलं कुणी वाचत न्हाई. फाडायचं नि आंघोळ करायची. घरात घ्यायचं न्हाई."

हे मलाही ऐकून माहीत होतं. मयताच्या कार्डाचा कोपरा कापतात. पण मी कापला नव्हता. तसं आत्याला सांगितलं, आणि कार्ड बाबांनी पेटीत टाकलं तेही.

"मंग त्याला कावळे दिसले असतील," ती म्हणाली. "जोड लागलेले."

"म्हणजे?"

"इतकी पत्रकं छापतीस नि हे ठाव न्हाई? कावळ्यांची जोड बघितली की मरण येतं. मंग सोयऱ्यांना मयताचा खोटा सांगावा धाडायचा. त्यांनी रडलं की मरण फिरतं. पर रडाया लागतं. रक्ताच्या माणसानं."

मला संताप आला. असल्या भीतीनं माणूस महिनाभर अर्ध्या भाकरीवर? तरी मी विचारलंच. "तू रडलीस?"

"न्हाई. सांग त्याला. टिपूसबी काढला न्हाई म्हनावं."

"मग अशी ओली का बसलीस?"

"भावाचं तीन दिवस पाळावं लागतं, म्हनून पाळलं. जा आता."

जीपची वाट बघताना मी नांदेडला मैत्रिणीला फोन केला. "तुझ्या कार्डाचे चारही कोपरे आहेत ना?"

"अब्बांच्या मशीनची इज्जत काढून राहिली का गं?" ती हसली. "चारही हायेत."

मी नायगावला विचारलं. चारही. इस्लापूरच्या सरांना विचारलं. चारही.

अंधार पडायच्या आत लातूरला पोचले. फोन चार्जिंगला लावलेला, बाबा खाटेवर. माझ्या टेबलावरच्या कात्रीखाली पुठ्ठ्याचा एवढासा त्रिकोण पडला होता. मी तो उचलला, ते त्यांनी बघितलं. पुढ्यात ताट वाढलेलं होतं, भाकरीला हात लावलेला नव्हता.

मी खूप बोलणार होते. पूर्ण पत्रकच डोक्यात तयार होतं.

"तिच्याकडं गेलतीस?" बाबा म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "रडली का?"

मला पत्रक लिहायला शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: खोटं वाक्य जाऊ द्यायचं नाही. साहेब लोक एकेक खरं वाक्य निवडून आख्खं खोटं बोलतात, म्हणून तर आम्ही त्यांच्याविरुद्ध पत्रकं काढतो.

"पदर ओला होता," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मग ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली. आख्खी खाल्ली. दुसरी मागितली. मी ती वाढली, आणि वर गच्चीवर पत्र्यावरून काहीतरी चालत गेल्यासारखं वाजलं, तेव्हा आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.