वरच्या आळीतलं घर

पेणमध्ये आमच्या लहानपणी कुणी नुसतं ‘वरच्या आळीत राहतो’ असं म्हटलं, की त्याच्याबद्दल आणखी काही विचारायची गरज नसायची. वकील, डॉक्टर, जमीनजुमला असलेली जुनी घराणी, सगळी त्या एका आळीत. काळ्या दगडांची जोती, रुंद ओटे, सागवानी खांब, कौलांवर चढलेला जाईचा वेल. दुपारी कुणाच्या तरी घरातून पेटीचे सूर यायचे आणि आळीच्या तोंडाशी असलेल्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूच्या ओल्या मातीचा वास.

मी त्या आळीत आईबरोबर जायचे. आमचं गाव खाडीकाठी, आई मिठागरात राबायची आणि उन्हाळ्यात मिठाची पाटी डोक्यावर घेऊन पेणला यायची. लोणच्यांचे दिवस असायचे. आळीतल्या बायका जाडं मीठच घ्यायच्या. घराच्या मागच्या दारी आई पाटी उतरवायची, मापट्याने मीठ घालायची, आणि मी विहिरीच्या कठड्याला टेकून आत बघत बसायचे. आत गारवा असायचा. एवढंच मला त्या घरांबद्दल माहीत होतं, की आत गार असतं.

पुढे मी शिकले, पेणलाच शाळेत लागले. लग्न झालं. नवरा कंपनीत, शिफ्टप्रमाणे कधी दिवसा घरी, कधी नाही. आम्ही स्टॅंडजवळ भाड्याच्या जागेत राहायचो. एक दिवस शाळेतल्या एका बाई म्हणाल्या, “वरच्या आळीत एक घर विकायचंय म्हणे. पण त्या काकू बिल्डरला दारात उभं करत नाहीत.”

आम्ही सहज म्हणून गेलो. सहज कसलं, मी चांगली साडी नेसले होते. काकू एकट्याच होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं होतं. त्यांनी आम्हाला सगळं घर दाखवलं, अगदी धान्याची कोठी आणि माळ्यावर चढायची शिडीसुद्धा. मी फार जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होते. चहा देताना त्यांनी विचारलं, “माहेर कुठलं तुमचं?”

मी गावाचं नाव सांगितलं. मग म्हटलं, “माझी आई इथे मीठ घेऊन यायची.”

काकू कपबशी हातात धरून तशाच थांबल्या. “हसताना तोंडावर पदर धरायची, ती?”

“व्हय,” मी म्हणून गेले. दोघींनाही एकदम हसू आलं. त्यानंतर मी माझ्या नेहमीच्या भाषेत बोलले.

एवढ्यात समोरच्या घरातले त्यांचे दीर आले. निवृत्त वकील, पांढरा लेंगा, हातात वर्तमानपत्र. आम्ही कोण ते त्यांना कळलंच असावं. आमच्यासमोरच म्हणाले, “वहिनी, आळीत कुणाला आणताय याचा जरा विचार करा.”

“केला,” काकू म्हणाल्या. “ही माणसं राहायला येतायत, घर पाडायला नाही.”

ते वर्तमानपत्र काखेत मारून निघून गेले. नवरा रस्त्याने परत येताना म्हणाला, “नको आपल्याला. रोज त्यांचं तोंड बघायचं.” पण माझं मन त्या घरात राहिलं होतं. बँकेने कर्ज दिलं आणि घर झालं.

आईला मात्र पटत नव्हतं. “मना नाय जमायचं गो तिकडं,” ती म्हणायची. “एवढं मोठं घर झाडनार कोन? आनि तिथल्या बाया काय बोलतील?” वास्तुशांतीला ती यायला तयार झाली, तेही जेवायच्या वेळेला.

काकू त्या दिवसासाठी पुण्याला जायच्या थांबल्या होत्या. स्वयंपाकघरात बायकांची गडबड चालू होती. मी पुढच्या ओट्यावर आईची वाट बघत होते आणि आई आली मागच्या दाराने. नवी साडी, हातात नारळाची पिशवी, उंबऱ्याबाहेर उभी. मला आतून काकूंचा आवाज ऐकू आला, म्हणून मी धावत मागे गेले.

“इकडून नाही,” काकू म्हणत होत्या. “पुढून या.”

“नको बाई. पाय मळलेत माझे.”

काकूंनी पायात चपला सरकवल्या, बाहेर गेल्या, आईचा हात धरला आणि दोन घरांमधल्या बोळातून तिला पुढे घेऊन आल्या. दोघी मिळून ओट्याच्या पायऱ्या चढल्या. आईने दाराची चौकट निरखून पाहिली. “एवढी वर्सं आले, पन हा दरवाजा कधी बगला नव्हता.”

“मीच कधी बोलावलं नाही,” काकू म्हणाल्या.

“बोलावलं असतं तरी आले नसते,” आई म्हणाली. “पाटी उतरवायला मागंच बरं पडायचं.” आणि तोंडावर पदर धरून हसली.

संध्याकाळच्या एसटीने आई गावी परत गेली. काकू दुसऱ्या दिवशी पुण्याला.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाने आमच्या गावचा बांध फुटला. शेतात, अंगणात खारं पाणी शिरलं. भावाने गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलं आणि आई माझ्याकडे आली. सुरुवातीला ती पाहुण्यासारखी भिंतीकडेला बसायची. मग एका दुपारी पुण्याहून काकूंचा फोन आला. जाई फुलली का, मागचं दार पावसात फुगतं का, असं विचारत होत्या. मी शाळेत निघाले होते, फोन आईच्या हातात दिला. संध्याकाळी परत आले तर आई मला काकूंच्या गुडघेदुखीबद्दल सांगत होती.

तेव्हापासून फोन आईलाच यायचा. आई मोठ्याने बोलायची, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. वहिनींची खबर कळते म्हणून समोरचे वकीलसाहेब हळूहळू आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. आधी उभ्याने, मग टेकून. एकदा त्यांनी आईला विचारलं, “ते जाडं मीठ मिळत नाही हो आता कुठे. तुमच्या गावी असेल?”

“नाय ओ,” आई म्हणाली. “मिठागरं पान्यात गेली. आता तिथं चिंबोऱ्या फिरतात.”

मग आई त्यांना सांगत बसली, मिठाचे ढीग उन्हात कसे दिसायचे, डोळे कसे दिपायचे. ते वर्तमानपत्राची घडी मांडीवर ठेवून ऐकत होते. मलाही त्यातलं बरंचसं नवीन होतं. आईने मला मिठागराबद्दल कधी एवढं सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा.

गणपतीत काकू आमच्याकडे येऊन राहायच्या. त्या आणि आई माजघरात शेजारी शेजारी अंथरूण घालायच्या.

मागच्या वर्षी आई गेली. दिवसकार्य झाल्यावर काकू मुलीच्या गाडीतून आल्या. आता त्यांना नीट चालवत नाही. आई जिथे निजायची तिथे खुर्ची मागून घेतली आणि चहा घेतला. निघताना मी म्हटलं, “काकू, माळ्यावर नवीन फळ्या घातल्यात. घर बघता का जरा?”

“नको गो,” त्या म्हणाल्या. हा ‘गो’ त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकला. “आज मी घर बघायला नाही आले.”

मुलीने त्यांना धरून गाडीत बसवलं. समोरून वकीलसाहेब काठी टेकत आले, गाडी वळेपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.